भाजी वाफवावी की पाण्यात उकडावी?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: राजारामपुरीतील आपल्या घरात सकाळी साडेआठच्या आत दोन डबे भरावे लागतात, धाकट्या बाळाला नुकतेच वरचे अन्न सुरू केले आहे, सासऱ्यांच्या मूत्रपिंडाचे काम मंदावल्यामुळे डॉक्टरांनी त्यांचे पोटॅशियम आटोक्यात ठेवायला सांगितले आहे, आणि ‘उकडलेल्या भाजीत काही राम उरत नाही, वाफवलेलीच खावी’ असे एका नातेवाइकांनी ठासून सांगितल्यापासून विजेवर चालणारा स्टीमर घ्यावा का, या विचारात आपण आहात. कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला निरनिराळ्या रूपांत सतत विचारला जातो. माझे उत्तर आधीच सांगून टाकते. भाजी ज्या पाण्यात शिजली ते पाणी ताटात येणार असेल, तर उकडण्याने फारसे बिघडत नाही. ते मोरीत जाणार असेल, तर वाफवणे बरे. आणि आपल्या सासऱ्यांच्या भाजीचे पाणी मात्र मोरीतच गेले पाहिजे. म्हणजे एकाच घरात, एकाच सकाळी, दोन्ही पद्धती योग्य ठरू शकतात.

भाजी शिजताना पोषक घटक दोन वाटांनी कमी होतात. काही घटक उष्णतेने आणि हवेतील ऑक्सिजनने नष्ट होतात, तर काही नष्ट न होता नुसते पाण्यात उतरतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे अधिक उंच असल्याने आपल्याकडे पाणी १०० नव्हे, तर साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते, आणि त्यावरची वाफही तेवढीच तापलेली असते. तेव्हा उघड्या पातेल्यात उकडलेल्या आणि चाळणीत वाफवलेल्या भाजीला लागणारी आच जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो दुसऱ्या वाटेने. क जीवनसत्त्व, फोलेट आणि थायामिन यांसारखी ब गटातील जीवनसत्त्वे, तसेच पोटॅशियम आणि काही प्रमाणात मॅग्नेशियम हे पाण्यात विरघळणारे घटक आहेत. आच लागून पेशींच्या भिंती सैल झाल्या की ते भोवतालच्या पाण्यात झिरपू लागतात, आणि पाणी जितके जास्त, तुकडे जितके बारीक व वेळ जितका लांब, तितके ते अधिक झिरपतात. याउलट कॅरोटीन, ल्युटीन आणि के जीवनसत्त्व हे स्निग्धात विरघळणारे घटक पाण्यात उतरत नाहीत. चोथा आणि बरेचसे कॅल्शियम व लोहही भाजीतच राहते. म्हणूनच ‘उकडलेल्या भाजीत काहीच उरत नाही’ हे विधान अतिशयोक्तीचे आहे.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एका पातेल्यात बिटाच्या फोडी आणि दुसऱ्यात गाजराच्या फोडी, दोन्हींत सारखेच पाणी घालून उकडून पाहाव्यात. बिटाचे पाणी गडद लाल होते आणि फोडी फिकटतात. गाजराच्या पाण्याला मात्र जेमतेम पिवळसर झाक येते आणि फोडी होत्या तशाच केशरी राहतात. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा आहे, गाजराचा कॅरोटीनचा रंग नाही. आता तेच बीट न सोलता, वर बोटभर देठ आणि खाली शेपूट ठेवून, अख्खे उकडावे. पाणी खूपच कमी रंगते. जे रंगाचे होते तेच डोळ्यांना न दिसणाऱ्या फोलेटचेही होते, आणि बीट हे फोलेटचे चांगले साधन असल्याने ते चिरून उकडून पाणी ओतून देणे हा त्याला शिजवण्याचा सर्वांत वाईट प्रकार आहे. बटाटाही सालीसकट अख्खा उकडावा.

नुकसान नेमके किती होते, याला एक आकडा नाही. पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकून दिल्यास क जीवनसत्त्वाचा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, भाग जातो. वाफवल्यास तोटा त्यापेक्षा बराच कमी राहतो. मात्र या एका जीवनसत्त्वासाठी एवढा जीव टाकण्याचे कारण मला दिसत नाही. भारतीय शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते, आणि मध्यम आकाराचा एक पेरू ते सहज देतो. जेवताना भाजीवर लिंबू पिळले आणि ताटात कच्च्या कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर असली, की शिजताना गेलेल्याची बरीचशी भरपाई होते. शिवाय या क जीवनसत्त्वामुळे त्याच घासातील पालेभाजीचे लोह अंगी लागण्यास मदत होते, तेव्हा लिंबाची फोड ताटात असावी हे सांगणाऱ्या जुन्या बायका बरोबरच होत्या.

फोलेटची काळजी मात्र मी अधिक करते, विशेषतः घरात गर्भधारणेच्या वयातील स्त्रिया असतील तर. १९३० च्या सुमारास लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत गिरणी कामगार गर्भवतींच्या पंडुरोगाचा अभ्यास करत होत्या, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवले; त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलेट. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले. डाळी, पालेभाज्या, भेंडी, गवार ही आपल्याकडील फोलेटची मुख्य साधने आहेत, आणि पेरू खाऊन किंवा लिंबू पिळून त्याची भरपाई क जीवनसत्त्वाइतकी सहज होत नाही. म्हणून पालेभाजी शिजवून, पिळून, हिरवे पाणी टाकून मग परतण्याची जी पद्धत अनेक घरांत आहे, ती निरोगी माणसांसाठी तरी सोडून द्यावी असे मी सुचवते. पिळायचीच असेल तर ते पाणी आमटीत घालावे.

खरे म्हणजे आपल्या भागातील जुन्या स्वयंपाकाला हे सांगण्याची फारशी गरज नाही. पुरणाची हरभरा डाळ शिजल्यावर निथळलेले पाणी आपण टाकत नाही, त्याची येळवणी, म्हणजे कटाची आमटी, करतो. चाकवताचे किंवा पालकाचे गरगट्टे करताना पाने, डाळ, शेंगदाणे एकत्र शिजवून त्याच पाण्यात घोटली जातात आणि वरून बेसन लावले जाते. मिसळीची मटकी ज्या पाण्यात शिजते तेही बहुतेक घरांत कटात जाते. या सगळ्या पदार्थांत भाजी वा कडधान्य भरपूर पाण्यात उकळलेले असते, पण झिरपलेले सारे वाडग्यात येते. उष्णतेने जे नष्ट होते तेवढेच कमी होते. त्यामुळे गरगट्टे बंद करून वाफवलेली ब्रोकोली सुरू केली, असे कुणी अभिमानाने सांगितले की मला हसू येते. ब्रोकोली वाईट नाही. पण गरगट्ट्याने त्या माणसाचे काहीही बिघडवलेले नव्हते.

दुसरी पद्धत म्हणजे भाजी अंगच्या पाण्यात, झाकणावर पाणी ठेवून शिजवणे. रोजच्या सुक्या भाजीसाठी माझ्या मते हिला तोड नाही, म्हणून जरा तपशिलाने सांगते. समजा, गवार आहे. शेंगा आधी धुऊन, शिरा काढून, मोडून घ्याव्यात. मोडल्यावर पुन्हा धुऊ नयेत. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेलाची फोडणी करून शेंगा टाकाव्यात आणि मध्यम आचेवर दोन मिनिटे परताव्यात, म्हणजे प्रत्येक शेंगेला तेलाचा हात लागतो. मग कढईच्या तोंडावर नीट बसणारे खोलगट ताट ठेवून त्यात वाटीभर पाणी ओतावे व आच बारीक करावी. शेंगांतून निघणारी वाफ वर जाते, ताटातील पाण्यामुळे थंड राहिलेल्या धातूला लागून तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा भाजीवर पडतात. पाचेक मिनिटांनी ताट उचलले की त्याच्या खालच्या बाजूस थेंबांची दाट रांग दिसते. ती दिसत नसेल, तर ताट नीट बसलेले नाही किंवा आच मोठी आहे, असे समजावे. गवार कोवळी असेल तर एवढ्या वाफेवर होते, जून असेल तर ताटातील आता गरम झालेले पाणी दोन-तीन चमचे भाजीवर शिंपडून आणखी एक वाफ आणावी. मीठ आणि आपली कांदा-लसणाची चटणी शेवटी घालावी. दोडका, दुधी, कोबी, पडवळ यांना वरचे पाणी शिंपडण्याचीही गरज पडत नाही, कारण त्यांचे स्वतःचेच पाणी भरपूर असते. या पद्धतीत ओतून टाकायला काही उरतच नाही.

यानंतर चाळणीत किंवा मोदकपात्रात वाफवण्याविषयी. स्टीमर विकत घेण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहावे. कोथिंबीर वडीचे उंडे आणि उकडीचे मोदक ज्या भांड्यात होतात, त्याच भांड्यात फ्लॉवर, गाजर, घेवडा, लाल भोपळा उत्तम वाफवता येतो. इडलीपात्रही चालते, आणि काहीच नसेल तर पातेल्यात एक वाटी उपडी घालून तिच्यावर भोकांची ताटली ठेवली तरी भागते. पाणी चाळणीच्या खाली निदान दोन बोटे राहील इतकेच असावे. ते आधी खळखळ उकळू द्यावे आणि मगच भाजी ठेवावी, कारण कोमट वाफेत भाजी जितका वेळ राहते तितका वेळ तिच्यातील विकरांना (एन्झाइम्सना) क जीवनसत्त्व खाण्याची संधी मिळते. एकदा वाफ धरली की आच कमी करावी. मोठ्या आचेने वाफ अधिक तापत नाही, फक्त गॅस आणि पाणी जास्त जाते. फोडी दाबून भरू नयेत, त्यांच्यामधून वाफ फिरली पाहिजे, अन्यथा खालचा थर गाळ होतो आणि वरचा कच्चा राहतो. पाणी आटून भांडे करपण्याची भीती असेल, तर तळाशी एक स्वच्छ स्टीलचा छोटा चमचा टाकून ठेवावा: पाणी उकळत असेपर्यंत तो खडखडत राहतो आणि आवाज मंदावला की पाणी संपत आल्याचे दुसऱ्या खोलीतही कळते. डबे भरण्याच्या गडबडीत ही युक्ती फार उपयोगी पडते.

वेळेचा अंदाज साधारण असा धरावा: पालकाची पाने दोन ते तीन मिनिटांत, कोबी व फ्लॉवरचे लहान तुरे पाच ते सात मिनिटांत, घेवडा, गाजराच्या फोडी आणि लाल भोपळा आठ ते दहा मिनिटांत, बटाट्याच्या फोडी बारा ते पंधरा मिनिटांत होतात. अख्खे बीट चाळणीत वाफवण्यात अर्धा-पाऊण तास घालवू नये, त्याला कुकरच बरा. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली यांच्याबाबत मी वेळ विशेष पाळायला सांगते. या भाज्यांतील गंधकयुक्त उपयुक्त घटक पाण्यात सहज उतरतात, आणि ते कार्यक्षम करणारे विकर दीर्घ उष्णतेने निकामी होते. थोडा वेळ वाफवणे त्यांना सर्वांत मानवते. फार वेळ शिजलेल्या फ्लॉवरचा जो वास जिन्यापर्यंत जातो, तो याच गंधकाचा असतो. मात्र फ्लॉवर वाफवण्याआधी तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून धुवावेत, कारण अळ्या आत दडलेल्या असतात आणि वाफ त्यांना मारते, बाहेर काढत नाही. पावसाळ्यात, पंचगंगेला पाणी चढलेले असताना मंडईत येणारी पालेभाजी चिखलाने माखलेली असते. ती तर वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुतल्याशिवाय कोणत्याच पद्धतीने शिजवू नये.

आता कुकर. कुकरविषयी अकारण गैरसमज आहे. आत तापमान १२० अंशांच्या जवळ जाते हे खरे, पण वेळ इतका कमी लागतो की एकंदर नुकसान वाफवण्याच्या जवळपासच राहते, मात्र भाजी पाण्यात बुडालेली नसावी. सकाळी डाळ-भाताचा कुकर लागतोच. त्यात सर्वांत वरच्या डब्यात पाणी न घालता गाजर, बीट किंवा लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी ठेवल्या, तर वेगळा गॅस, वेगळा वेळ काहीच न लागता भाजी वाफवली जाते. डब्याच्या तळाशी जो चमचा-दोन चमचे रस जमतो तो वरणात ओतावा. तीन शिट्ट्यांत कोवळा घेवडा किंवा कोबी मात्र लगदा होतो, म्हणून नाजूक भाज्या यात ठेवू नयेत. मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या झाकणाच्या भांड्यात दोन चमचे पाणी घालून शिजवलेली भाजी हीसुद्धा वाफवलेलीच भाजी होय, आणि पोषणाच्या दृष्टीने ती उत्तम असते.

कुकरमध्ये हिरव्या भाज्यांचा रंग जातो, अशी तक्रार आपण करणार हे गृहीत धरते. भाजी शिजताना तिच्यातील आम्ले बाहेर पडतात, बंद भांड्यात ती तिथेच राहतात आणि त्यांच्यामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाऊन रंग मेंदीसारखा मळकट होतो. दिसायला वाईट, खायला निरुपद्रवी. रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घालण्याची काही आचाऱ्यांची सवय मात्र घरात आणू नये, कारण सोड्याने थायामिन आणि क जीवनसत्त्व दोन्ही झपाट्याने नष्ट होतात. चाळणीत वाफवताना पहिली दोन मिनिटे झाकण किलकिले ठेवले तर रंग बराच टिकतो.

सासऱ्यांच्या बाबतीत वरचे बहुतेक सगळे उलटे करावे लागेल. रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर या मर्यादेत असावे लागते. ते फार वाढले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊन जिवावर बेतू शकते. निरोगी माणसाचे मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकते, त्यांचे तसे टाकत नाही. म्हणून त्यांची भाजी सोलून, बारीक चिरून, भाजीच्या कितीतरी पट पाण्यात उकळावी, ते पाणी ओतून टाकावे आणि मग नव्याने फोडणी द्यावी. बटाट्याच्या लहान फोडी अशा उकळल्या तर जवळपास निम्मे पोटॅशियम जाते, किसून उकळल्यास त्याहूनही अधिक. मात्र नुसत्या रात्रभर पाण्यात भिजवून ठेवल्या, तर फारसे काही निघत नाही, कारण पेशी शाबूत असताना ते बाहेर येत नाही. वाफवलेली भाजी, गरगट्टे, भाज्यांचे सूप आणि वर ज्याचे मी एवढे कौतुक केले ते उकडलेल्या भाजीचे पाणी, हे सगळे त्यांच्यासाठी अडचणीचे आहे. याखेरीज दोन गोष्टी घरात हमखास नजरेतून सुटतात. रक्तदाबासाठी म्हणून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेले असते, आणि आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून दिले जाणारे शहाळ्याचे पाणी पोटॅशियमने भरलेले असते. मूत्रपिंडाच्या प्रत्येक रुग्णाला हे पथ्य लागतेच असे नाही, आणि रक्ताच्या तपासणीनुसार ते सैल किंवा कडक करावे लागते, म्हणून दर तपासणीनंतर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच त्यांची भाजी ठरवावी. पाणी टाकल्यामुळे त्यांच्या वाट्याची जी जीवनसत्त्वे जातात, त्यांची भरपाई कशी करायची हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल, तर त्यालाही पालक वाफवण्यापेक्षा उकळून पाणी टाकलेला बरा. पालक, चाकवत, चुका, राजगिऱ्याची पाने यांत ऑक्झलेट भरपूर असते, आणि बहुतेक मुतखडे त्याचेच बनलेले असतात. त्यातील विरघळणारा भाग उकळत्या पाण्यात बऱ्यापैकी उतरतो, वाफेने त्यामानाने कमीच जातो. चाकवताची ताकातली भाजी इथे दुसऱ्या मार्गाने उपयोगी पडते: ताकातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, त्यामुळे ते रक्तात कमी शोषले जाते. मेथीत ऑक्झलेट पालकाच्या मानाने फारच कमी असल्याने अशा माणसांनी पालकाचा हट्ट सोडून मेथीकडे वळावे, हा सोपा उपाय.

बाळासाठी वाफवणे सर्वांत सोयीचे. लाल भोपळा, गाजर, रताळे मोठ्या फोडींत वाफवून, बोटांत सहज चुरडेल इतके मऊ करून, चमच्याने मोडावे आणि खालचेच पाणी घालून हवे तितके पातळ करावे. वरून पाव चमचा साजूक तूप घालावे, कारण कॅरोटीन स्निग्धाशिवाय नीट शोषले जात नाही. कच्च्या गाजरापेक्षा शिजलेल्या, तूप लागलेल्या गाजरातून ते अधिक मिळते. वर्षाच्या आत मीठ आणि साखर घालू नये. एका वेळेपुरतेच करावे. मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढण्याची सवय लावू नये, बाळाला चावायला शिकायचे असते.

मोठ्यांना हीच स्निग्धाची गोष्ट लागू आहे. वाफवलेली भाजी म्हणजे तेल वर्ज्य, अशी समजूत करून घेऊन काही जण नुसते गाजर-घेवडा वाफवून, मीठ-मिरी भुरभुरून आठवडाभर निष्ठेने खातात आणि आठव्या दिवशी तांबड्या रश्शावर तुटून पडतात. माणशी एक चमचा तेल शोषणाला पुरते आणि चवीलाही लागते. वाफवलेल्या फ्लॉवरवर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यावी, घेवड्यात शेंगदाण्याचे कूट आणि थोडा खर्डा मिसळावा, लाल भोपळ्यावर भाजलेल्या तिळाचे कूट आणि लिंबू घालावे. उकडलेल्या भाजीपेक्षा वाफवलेल्या भाजीत तिची स्वतःची चव अधिक राहते, त्यामुळे मीठही कमी लागते, आणि घरात रक्तदाब असणाऱ्याला हा फायदा जीवनसत्त्वांपेक्षा मोठा आहे.

राहिला सकाळच्या वेळेचा प्रश्न. भाजी रात्री निवडून, धुऊन, पूर्ण कोरडी करून, शक्यतो मोठ्या तुकड्यांत घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी. चिरलेल्या भाजीत रात्रभर क जीवनसत्त्व थोडे कमी होते, पण चिरून पाण्यात बुडवून ठेवण्याच्या तुलनेत हे नुकसान बरेच कमी आहे. वांगी-बटाटे काळे पडू नयेत म्हणून पाण्यात ठेवायचेच असतील तर ते फोडणी तयार होईपर्यंतच. सकाळी कुकरच्या वरच्या डब्यात बाळाच्या भोपळ्याच्या फोडी, एका कढईत झाकणावर पाणी ठेवून डब्याची गवार, आणि दुसऱ्या शेगडीवर पातेल्यात सासऱ्यांची सोलून बारीक चिरलेली दुधी किंवा कोबी, अशी मांडणी केली तर तिन्ही कामे अर्ध्या तासात होतात. शिजलेली भाजी वारंवार गरम करू नये. संध्याकाळसाठी उरवायची असेल तर तेवढी आधीच वेगळी काढून, निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवून, एकदाच गरम करावी.

विजेवरचा स्टीमर वाईट नाही. ठरलेल्या वेळी तो आपोआप बंद होतो आणि पाहावे लागत नाही, एवढीच त्याची खरी मिजास; भाजी मोदकपात्रातल्यापेक्षा अधिक पौष्टिक होत नाही. ओट्यावर जागा असेल आणि सकाळी स्वयंपाकघरात थांबायला कुणी नसेल, तर जरूर घ्यावा. अन्यथा महाद्वार रोडवरच्या भांड्यांच्या दुकानांत आपल्या पातेल्यात बसेल अशी पायांची स्टीलची चाळणी मागावी आणि जाताना पातेल्याच्या तोंडाचे माप दोऱ्याने घेऊन जावे.